पहिला शब्द मालकाचा

दिंडोशीत नावांवरून वाद होतात. एप्रिल २०२२ मध्ये मेट्रो ७ चा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा इथल्या स्थानकाला दिंडोशी म्हणायचं की पठाणवाडी, यावरून रहिवाशांमध्ये चांगलीच जुंपली होती. आपण राहतो त्या जागेचं नाव पाटीवर काय लागतं याची माणसाला फिकीर असते, आणि ती असायलाच हवी.

याच दिंडोशीहून फिल्म सिटी रोड वर चढत चित्रनगरीच्या फाटकापाशी जातो. आत ज्यांच्यासाठी रोज शूटिंग चालतं, त्या मराठी वाहिन्यांची नावं २००५ पासून एकामागून एक बदलली. अल्फा मराठीची झी मराठी झाली. स्टार माझाचं एबीपी माझा झालं. ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. आयबीएन लोकमतचं न्यूज१८ लोकमत झालं. कोणी सभा घेतली नाही, कोणी निवेदन दिलं नाही. रात्री झोपताना एक नाव होतं, सकाळी दुसरं, आणि मालिका मात्र आदल्या दिवशी थांबली होती तिथूनच पुढे सुरू.

ही नावं एकाखाली एक लिहून पाहावीत. चारही वेळा पहिला शब्द गेला आणि दुसरा राहिला. पहिला मालकाचा होता. दुसरा, म्हणजे मराठी, माझा, लोकमत, तो इथल्या माणसांचा. मराठी दूरचित्रवाणी पडद्यावर कशी दिसली, तिनं स्वतःची ओळख कशी करून दिली, याचा इतिहास मला या दोन शब्दांच्या ओढाताणीत दिसतो. त्याची सुरुवात अर्थात दिंडोशीत नाही, वरळीला आहे.

२ ऑक्टोबर १९७२ ला तिथून मुंबई दूरदर्शन केंद्राचं प्रक्षेपण सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला सहप्रक्षेपण केंद्र आलं. तेव्हा वाहिनी एकच होती, त्यामुळे आपण कोण हे प्रेक्षकाला सांगायची गरज तिला नव्हती. टीव्ही लावला म्हणजे तीच लागणार. तरीही तिला चेहरा होता, आणि तो माणसाचा होता. दोन कार्यक्रमांच्या मधे निवेदिका समोर येई, नमस्कार करी, पुढे काय आहे ते सांगे. यंत्रणेत बिघाड झाला की ‘व्यत्यय’ची पाटी येई आणि नंतर तीच निवेदिका झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करी. आज ज्याला चॅनेलचं ब्रँडिंग म्हणतात ते सगळं काम त्या एका खुर्चीवर बसलेल्या बाईकडे होतं. ओळख, आश्वासन, क्षमायाचना, निरोप.

बातम्यांचंही तसंच. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे, चारुशीला पटवर्धन, स्मिता तळवलकर, स्मिता पाटील. श्याम बेनेगल यांनी स्मिता पाटील यांना सिनेमात आणण्याआधी महाराष्ट्रानं त्यांना कृष्णधवल पडद्यावर बातम्या वाचताना पाहिलं होतं. प्रदीप भिडे तर १९७४ पासून पुढची चाळीसेक वर्षं बातम्या वाचत राहिले. जून २०२२ मध्ये ते गेले तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली ती घरातलं माणूस गेल्यासारखी. बोधचिन्हाचा असा शोक होत नाही.

बोधचिन्ह दिल्लीहून आलं. दोन वक्र रेघांमध्ये बुबुळासारखा गोल, ही दूरदर्शनची खूण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले विद्यार्थी देवाशिस भट्टाचार्य यांनी काढली आणि इंदिरा गांधींनी ती निवडली. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासह बांधलेली धून त्या फिरत्या चिन्हाबरोबर वाजू लागली. चिन्ह उत्तमच होतं. पण ते श्रीनगरला तेच आणि मुंबईला तेच. त्यात मराठी असं काही नव्हतं. मराठीपण येत होतं ते निवेदिकेच्या बोलण्यातून, ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती, आमची माणसं’ अशा नावांतून, आणि ती नावं ज्या अक्षरांत लिहिली जात त्या अक्षरांतून.

या अक्षरांवर थोडं थांबायला हवं, कारण त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. त्या काळी पडद्यावरचं प्रत्येक नाव हातानं लिहिलं जाई. कलाविभागातला चित्रकार काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर कलरनं अक्षरं काढी. ते कार्ड कॅप्शन स्टँडवर लागे. एक कॅमेरा बोलणाऱ्या माणसावर, दुसरा कार्डावर. दोन्ही चित्रं मिक्सरवर एकावर एक चढवली की कार्डाचा काळा भाग गळून जाई आणि त्या माणसाच्या छातीशी त्याचं नाव उमटे. श्रेयनामावली सरकवायची असेल तर लांबलचक काळा कागद रुळावर गुंडाळून हातानं फिरवायचा. हात जरा अडखळला की नावंही अडखळत.

आणि देवनागरीची इथे खास अडचण होती. आपलं जुनं प्रक्षेपण ६२५ रेषांचं. त्यातल्या विषम रेषा आधी, सम रेषा मागाहून, अशी अर्धी अर्धी चित्रं सेकंदाला पन्नास वेळा येत. एखादी आडवी रेघ एकाच रेषेइतकी पातळ असली तर ती प्रत्येक दुसऱ्या वेळी गायब होते आणि पडद्यावर थरथरते. रोमन लिपीत आडव्या रेघा थोड्या आणि तुटक. देवनागरीत तर प्रत्येक शब्दावर शिरोरेघ. ती नाजूक काढली की अख्खी ओळ डोळ्यांपुढे नाचे. म्हणून टीव्हीसाठी लिहिणाऱ्याला शिरोरेघ जाड ठेवावी लागे, उभ्या दांड्यांशी तोल साधत. वेलांट्या आणि रफार वर निसटू द्यायचे नाहीत, उकार खाली कापले जाऊ द्यायचे नाहीत. त्याच काळात कमल शेडगे मराठी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरांना नाटकाचा स्वभाव देत होते. कागदावर त्यांना जो मोकळेपणा होता तो टीव्हीच्या कॅप्शन आर्टिस्टला नव्हता. त्याला मोजक्या जागेत, थरथरत्या पडद्याशी झगडत वाचता येईल असं मराठी लिहायचं होतं. त्या चित्रकारांची नावं श्रेयनामावलीत सहसा येत नसत, जरी ती नामावली त्यांच्याच हातची असे.

मुंबई केंद्राचा मराठी चेहरा आकसला तो १९८२ मध्ये. रंगीत प्रक्षेपण आलं, उपग्रह आला आणि १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रात्रीचा भर वेळ हिंदी-इंग्रजीकडे गेला. मराठीला संध्याकाळ उरली. १९८५ मध्ये मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली, पण पुढे तीही महानगरांना जोडणाऱ्या मेट्रो वाहिनीत गेली. १५ ऑगस्ट १९९४ ला मराठी उपग्रह वाहिनी आली ती डीडी-१० या क्रमांकानं. पुढे तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं. या सबंध इतिहासात ते सर्वांत चांगलं नाव आहे असं माझं मत आहे. त्यात कंपनी नाही, आकडा नाही. कोकणातल्याला तो डोंगर पूर्वेला दिसतो, देशावरच्याला पश्चिमेला, आणि दोघांनाही तो आपलाच वाटतो.

पण तोवर उपनगरातल्या घरांत केबल शिरली होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर डिश अँटेना इमारतींच्या गच्च्यांवर उगवल्या, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. मालाड, गोरेगाव, कुरार, दिंडोशी या पट्ट्यात चाळी, झोपडपट्ट्या आणि नव्या सोसायट्या खेटून उभ्या होत्या. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेनं दिंडोशीला सामान्य माणसांसाठी घरं उभी केली ती याच सुमाराची. या वस्त्यांत वायर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टाकणं सोपं होतं. केबलवाल्याची स्वतःची एक वाहिनी असे. तिच्यावर रोज सिनेमा, आणि सिनेमाखाली सरकणारी पट्टी. जवळच्या साडीच्या दुकानाचा सेल, क्लासचा निकाल, गणेशोत्सव मंडळाचं आवाहन. पडद्याच्या तळाशी मजकूर धावतो, ही सवय उपनगरी मराठी माणसाच्या डोळ्याला न्यूज चॅनेलांनी लावली नाही. ती केबलवाल्यानं लावली.

तमिळमध्ये सन टीव्ही आणि मल्याळममध्ये एशियानेट १९९३ लाच सुरू झाले होते. तेलुगू ईटीव्ही १९९५ ला. मराठीला खाजगी वाहिनी मिळायला १९९९ उजाडलं. मुंबईत हिंदी करमणुकीचा एवढा मोठा धंदा असताना मराठी प्रेक्षकही हिंदी पाहतोच, मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, असा हिशेब मांडणाऱ्यांची कमी नव्हती. तो हिशेब बदलायला तंत्रज्ञानाचीही मदत झाली. डिजिटल कॉम्प्रेशनमुळे उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर एकाऐवजी अनेक वाहिन्या बसू लागल्या आणि प्रादेशिक वाहिनी चालवणं परवडू लागलं. झीनं मराठी, बांगला, पंजाबी, गुजराती अशा भाषांत ‘अल्फा’ मालिका काढली. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आली. ९ जुलै २००० ला रामोजी राव यांची ईटीव्ही मराठी. त्याच सुमारास रथीकांत बसूंची तारा मराठी. दूरदर्शनचे महासंचालक आणि नंतर स्टारचे प्रमुख राहिलेल्या बसूंची ही वाहिनी मात्र फार काळ तगली नाही.

तीन वाहिन्या झाल्या आणि पहिल्यांदा मराठी पडद्याला ‘तुम्ही कोणाला पाहताय’ हे सांगावं लागलं. कोपऱ्यातलं छोटं चिन्ह आलं, जाहिरातीत जाता-येताना वाजणारे काही सेकंदांचे तुकडे आले, प्रोमो आले. रिमोट हातात असलेल्या माणसाला ओळखीच्या निवेदिकेसाठी थांबायला वेळ नव्हता. निवेदिका हळूहळू गेली.

तिची जागा कोणी घेतली, असं विचारलं तर मी म्हणेन, शीर्षकगीतानं. ‘आभाळमाया’ ही अल्फावरची मालिका. तिच्या दिग्दर्शनाशी विनय आपटे यांचं नाव जोडलेलं, आणि ते मुळात मुंबई दूरदर्शनच्या मुशीतून आलेले. शीर्षकगीताचं संगीत अशोक पत्कींचं, स्वर देवकी पंडित यांचा. पत्की जिंगल्सच्या धंद्यात मुरलेले संगीतकार होते. तीस सेकंदांत श्रोत्याला पकडायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं, आणि भावगीताचा मराठी वळसाही त्यांच्या हाडात होता. दोन्ही एकत्र आलं आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला पडदा न बघताही कळू लागलं की आता कुठली वाहिनी लागली आहे आणि किती वाजलेत. ‘अल्फा’ हे ग्रीक अक्षर कुठल्याही मराठी घराला काही सांगत नव्हतं. त्या नावाला माया मिळाली ती ‘आभाळमाया’मुळे, ‘प्रपंच’मुळे, दिलीप प्रभावळकरांच्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मुळे, ‘वादळवाट’मुळे.

ईटीव्हीची गोष्ट वेगळी. तिचा संसार हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत. कित्येक मराठी पत्रकार आणि निवेदक ऐन उमेदीत तिथे जाऊन राहिले आणि तिथून महाराष्ट्राला बातम्या सांगू लागले. तिनं ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालवली, तीन हजारांवर भाग. सगळी सजावट तेलुगू घराण्याची, पण जिल्ह्याजिल्ह्यातली बातमी घेण्याची ईनाडू वृत्तपत्राची शिस्त तिनं पडद्यावर आणली. मुंबई-पुण्यापलीकडच्या गावांची नावं मराठी पडद्यावर रोज देवनागरीत दिसू लागली, हे तिचं काम मोठं.

मार्च २००५ मध्ये पहिला नामबदल झाला. अल्फा गेलं, झी आलं. कारण धंद्याचं होतं. झीचं नाव आता एवढं रुजलं होतं की प्रादेशिक वाहिन्यांना वेगळं नाव सांभाळण्यात अर्थ नव्हता. पण आदेश बांदेकरांचा ‘होम मिनिस्टर’ सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला होता, तो तसाच लोकांच्या घरी पैठणी घेऊन जात राहिला. लोकांना माणूस ओळखीचा होता, भाषा ओळखीची होती. कोपऱ्यातलं चिन्ह बदललं ते त्यांनी पचवलं.

त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दिंडोशीच्या टेकड्यांपासून मिठी नदीच्या काठापर्यंत उपनगरं बुडाली, आणि तेव्हा चोवीस तास मराठीत बातमी देणारी एकही वाहिनी नव्हती. पुढच्या तीन वर्षांत ती उणीव झपाट्यानं भरून निघाली. २००७ मध्ये झी २४ तास, त्याच वर्षी २२ जूनला स्टार माझा, एप्रिल २००८ मध्ये आयबीएन लोकमत, मागोमाग साम. ‘राहा एक पाऊल पुढे’, ‘उघडा डोळे, बघा नीट’, ही घोषवाक्यं लोकांच्या बोलण्यात रुळली. दुसरं तर मला फार आवडतं. ते विनवत नाही, गुळगुळीत बोलत नाही. गावाकडचा वडीलधारा माणूस जसं बोलेल तसं ते बोलतं.

या वाहिन्यांनी पडदा मात्र खच्चून भरला. खाली टिकर, त्यावर ॲस्टन, बाजूला चौकट, वर ब्रेकिंगची प्लेट. नाव-हुद्द्याच्या पट्टीला न्यूजरूममध्ये ‘ॲस्टन’ म्हणतात ते ती बनवणाऱ्या ब्रिटिश यंत्रामुळे. यंत्र केव्हाच गेलं, शब्द मराठी डेस्कवर राहिला. आणि इथे देवनागरीची जुनी अडचण नव्या रूपात उभी राहिली. रोमन अक्षरांच्या एका ओळीला जेवढी उंची लागते तेवढ्यात मराठी मावत नाही. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. बहुतेक टेम्पलेट त्याच समूहाच्या हिंदी किंवा इंग्रजी वाहिनीसाठी आधी बनत आणि मग मराठीला दिली जात. त्यातले फाँटही हिंदी वळणाचे. परिणामी मराठी प्रेक्षकाला रोज हिंदी धाटणीचा ल आणि श वाचावा लागला. ‘ऱ्या’ नीट जुळेना, तो तुटून दोन तुकड्यांत दिसे. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाच मिळाली २००८ मध्ये, म्हणजे मराठी न्यूज वाहिन्या सुरू झाल्यानंतर. डेस्कवरच्या मुलांनी या काळात काय काय खटपटी करून मराठी शुद्ध ठेवायचा प्रयत्न केला, याची नोंद कुठे नाही. काहींनी तो केलाही नाही, हेही खरं. पण ऱ्हस्व-दीर्घासाठी कपाळावर आठ्या घालणारे संपादक आणि ‘प्रेक्षकाला कळतंय ना’ म्हणणारे निर्माते यांच्यातली रोजची झटापट मला भाषेच्या इतिहासाचा भाग वाटते. लाखो लोक रोज जे मराठी वाचत होते ते पुस्तकातलं नव्हतं, त्या पट्टीवरचं होतं.

पुण्याच्या सी-डॅकनं ‘जिस्ट’ तंत्रातून भारतीय लिप्या संगणकावर आणल्या, दूरदर्शनच्या उपशीर्षकांसाठी ‘लिप्स’ ही यंत्रणा दिली. म्हणजे या कामाचं शास्त्र महाराष्ट्रात होतं, आणि खाजगी वाहिन्यांना त्यातून मराठी वळणाची स्वतःची अक्षरं घडवून घेता आली असती. ते फार उशिरा आणि फार थोडं झालं. याची मला खंत आहे.

२४ नोव्हेंबर २००८ च्या सोमवारी स्टार प्रवाह सुरू झाली. तिसऱ्या दिवशी रात्री मुंबईवर हल्ला झाला. नव्या मालिकांच्या जाहिराती शहरभर लागलेल्या असताना सगळं शहर बातम्यांच्या वाहिन्यांकडे वळलं, आणि मराठी न्यूज वाहिन्यांनी पहिल्यांदाच अशी घटना आपल्या भाषेत थेट दाखवली. वर्षभरात मराठी पडदा करमणुकीलाही पुरेसा झाला आणि संकटालाही.

‘स्टार’ हा पहिला शब्द बातम्यांत मात्र टिकला नाही. २००३ च्या नियमानं बातम्यांच्या वाहिनीत परदेशी भांडवल २६ टक्क्यांपुरतं बांधलं गेलं होतं. म्हणून स्टारची वृत्तवाहिन्यांची कंपनी कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेबरोबर भागीदारीत होती, मोठा वाटा आनंदबाजारचा. भागीदारी संपली आणि १ जून २०१२ ला स्टार माझाचं एबीपी माझा झालं. एका बंगाली वृत्तपत्राची इंग्रजी आद्याक्षरं आता पुढे लागली. मराठी घराला त्यांचा काय संबंध? पण मागचं ‘माझा’ शाबूत होतं, ‘उघडा डोळे, बघा नीट’ हे घोषवाक्य शाबूत होतं, तीच माणसं पडद्यावर होती. लोक आधीही नुसतं ‘माझा लाव’ म्हणत आणि नंतरही तेच म्हणत राहिले. नाव विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला जे कळलं नसेल ते बोलणाऱ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईत केबलचं डिजिटलीकरण सक्तीचं झालं. सेट टॉप बॉक्स आला, क्रमांक आले, केबलवाल्याच्या गच्चीवरच्या वाहिनीचा काळ सरला. वाहिनी आता यादीतून निवडली जाऊ लागली. मार्च २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. रामोजींकडून तिची मालकी नेटवर्क१८ कडे आणि तिथून व्हायकॉम१८ कडे गेली होती. कन्नड, बांगला, ओडिया, गुजराती ईटीव्हीही त्याच सुमारास कलर्स झाल्या. इथे मला खरंच काही हरवल्यासारखं वाटतं. ‘ई’ निदान देवनागरीत एका अक्षरात लिहिता येत होतं.

आता पुन्हा दिंडोशी. राज्य सरकारनं १९७७ मध्ये उभारलेली, २००१ मध्ये दादासाहेब फाळके यांचं नाव दिलेली चित्रनगरी सुमारे ५२० एकरांवर पसरली आहे. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पायथ्याशी संतोषनगरची दाटी. ‘कौन बनेगा करोडपती’ इथे उभं राहिलं, मराठी ‘बिग बॉस’चं घर लोणावळ्याहून दुसऱ्या पर्वात इथे आलं. वाहिन्यांची कार्यालयं लोअर परळला, वरळीला, अंधेरीला. ओळख ठरते तिकडे. पण ती घडते इथल्या फ्लोअरवर.

नव्या मालिकेचा प्रोमो हे त्याचं जवळून पाहण्यासारखं उदाहरण. वाहिनीच्या ओएपी विभागाची, म्हणजे ऑन-एअर प्रमोशनची माणसं आलेली असतात. मालिकेचा पहिला भाग लिहून व्हायचा असतो, कधी नायिकेचं आडनावही पक्कं नसतं, पण प्रोमो आज हवा. दृश्य तीस-चाळीस सेकंदांचं. कॅमेरामन फ्रेम लावताना वरचा उजवा कोपरा मोकळा ठेवतो, तिथे चिन्ह बसणार. खालचा पट्टा मोकळा ठेवतो, तिथे वार आणि वेळ. टीव्ही चौकोनी होता तो रुंद होण्याच्या संक्रमणाची कित्येक वर्षं तर त्याला दोन चौकटी डोक्यात ठेवाव्या लागत. रुंद पडद्यावर भरल्यासारखं दिसलं पाहिजे आणि जुन्या चौकोनी पडद्यावर नाव कापलं जाता कामा नये. शेवटी आवाज येतो, ‘पाहायला विसरू नका, सोमवार ते शनिवार, रात्री आठ वाजता, फक्त आपल्या...’ आणि मग वाहिनीचं नाव. तो ‘आपल्या’ मला वरळीच्या निवेदिकेचा वंशज वाटतो. तिच्या नमस्कारातली जवळीक एका शब्दात उरली आहे.

चिन्हालाही आता डोळ्यांवर पूर्ण भरवसा उरलेला नाही. २०१५ पासून प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळायला लावते. घराघरांतलं मीटर ती खूण ऐकून ठरवतं की इथे कोणती वाहिनी चालू आहे. म्हणजे वाहिनी स्वतःचं नाव अखंड उच्चारत असते, पण ते ऐकतं फक्त यंत्र.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे करमणूक व्यवसाय एकत्र आले. सोळा वर्षं एकमेकींच्या वेळापत्रकावर डोळा ठेवून असलेल्या वाहिन्या, डिस्नेकडची स्टार प्रवाह आणि रिलायन्सकडची, ईटीव्हीची वारसदार कलर्स मराठी, एका घरच्या झाल्या. फेब्रुवारी २०२५ पासून दोघींच्या मालिका जिओहॉटस्टार या एकाच ॲपवर आल्या. फोनवर मालिका पाहणाऱ्याला समोर दिसतं ते मालिकेचं नाव आणि नायिकेचा चेहरा. वाहिनी कुठली, हे शोधावं लागतं. ओळखीचा सगळा भार पुन्हा माणसाच्या चेहऱ्यावर आणि हातानं लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या शीर्षकाच्या अक्षरांवर आला आहे.

या पन्नास वर्षांतलं जतन किती झालं? मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या कितीतरी टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. कार्यक्रमांचीच ही गत, तर दोन कार्यक्रमांमधल्या निवेदनांना, व्यत्ययाच्या पाट्यांना, अल्फाच्या पहिल्या प्रोमोंना कोण विचारतो? वाहिनीचं नाव बदललं की जुन्या चिन्हाचं साहित्य नव्या मालकाला नकोसंच असतं. काही लोकांनी घरच्या व्हीसीआरवर मालिका टेप करताना मधल्या जाहिराती कापायचा कंटाळा केला, त्यांच्या कॅसेटींत हा इतिहास थोडाफार उरला आहे, आणि कॅसेटींना बुरशी लागते आहे. चित्रनगरी राज्याची आहे. तिच्या ५२० एकरांत एक थंड, कोरडी खोली, एक चालू व्हीसीआर आणि या कॅसेटी उतरवून घेणारी दोन माणसं, एवढं आज सुरू करता येईल. काळ्या कार्डांवरची हाताची अक्षरं ज्यांनी काढली त्यांच्यातले काही जण अजून हयात असतील. पहिल्यांदा त्यांना बोलवावं आणि त्यांची नावं विचारून लिहून घ्यावीत.